खटपट्याच्या बोटावरचा हलवा

"हे काळं झबलं? खटपट्या, डोळे फुटले का तुझे?" आई ओरडली.

बोरनहाणाला बायका जमायला लागल्या होत्या. दीड वर्षाच्या ओजसला काळं झबलं घालून त्यावर हलव्याचे दागिने चढवायचे होते. आणि घरातल्या यंत्रमानवाने, म्हणजे खटपट्याने, गच्चीत वाळणारं काळं झबलं सोडून कपाटातलं पांढरंशुभ्र उचलून आणलं होतं!

"ज्याला काळं-पांढरं कळत नाही, त्याच्या हाती लेकरू कसं देऊ? उद्याच कारखान्यात परत पाठवते. स्मृती पुसतील त्याची."

ओजसची मोठी बहीण शाल्मली हे ऐकून ताडकन उठली. तिला सायकल खटपट्यानेच शिकवली होती. ती धावत वसुधाआत्याकडे गेली. आत्या दृष्टिविज्ञानातली शास्त्रज्ञ. झबल्याचा घोटाळा ऐकून तिची कळी एकदम खुलली.

"खटपट्या, काय पाहिलंस?"

"मोजलं, आत्याबाई. गच्चीतल्या झबल्याकडून भरपूर प्रकाश आला, कपाटातल्याकडून अगदी थोडा. थोडा प्रकाश म्हणजे काळं."

आत्याने प्रकाशमापक (प्रकाश मोजणारं यंत्र) लावून पाहिला. खटपट्याचं मोजमाप अगदी बरोबर होतं!

"मग मला उन्हातलं झबलं काळं कसं दिसतं?" शाल्मली चक्रावली.

"तुझा मेंदू नुसता प्रकाश मोजत नाही, आजूबाजूशी ताडून बघतो. उन्हात पांढरी भिंत बहुतेक प्रकाश परत फिरवते (याला परावर्तन म्हणतात), शेजारचं काळं झबलं जेमतेम थोडा. अंधारात दोघांचाही प्रकाश घटतो, पण दोघांतला फरक तितक्याच पटीचा राहतो. आणि ही तुलना तू पापणी लवायच्या आत करतेस, तुला पत्ताही नसतो! यावर काम करून केस पांढरे झाले माझे, तरी अजून थक्क होते बघ."

शाल्मलीचं लक्ष हलव्याच्या ताटाकडे गेलं. "आत्या, याच्या बोटाला हलव्याचा दाणा चिकटवला तर? कापडाशेजारी दाणा धरायचा. कापड दाण्याइतकं उजळ असेल तर पांढरं, खूपच मंद असेल तर काळं!"

आत्याने तिला मिठीच मारली. पाकाने दाणा चिकटला, आत्याने खटपट्यातली सूचना बदलली. तो गच्चीत गेला आणि काळं झबलं घेऊन आला. आईने पांढरं झबलं परत ठेवून त्याला मुद्दाम अंधाऱ्या कपाटापुढेही उभं केलं. "पांढरं," तो म्हणाला.

"राहू दे इथेच," आई हसली. "धर ओजसला."

शाल्मलीला रडूच आलं, आनंदाचं. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले जात असताना ओजसने खटपट्याचं बोट धरलं आणि थेट तोंडात घातलं.

"शाल्मलीताई," खटपट्या गंभीरपणे म्हणाला, "माझं पांढरं संपलं. दुसरं देता का?"