हंसाबेनच्या वागणुकीचा दाखला

आदल्या दिवशी सगळं नेहमीसारखंच होतं. काशीनाथ आणि त्यांची मुलगी निशिगंधा चिकूची कलमं घ्यायला डहाणूहून तलासरीला गेली होती. परत येऊन बघतात तर त्यांच्या स्कूटरवर काळ्या कोटातला एक तरुण ऐसपैस बसून फोनवर कुणाला तरी अतिक्रमणाचा कायदा समजावत होता.

"अतिक्रमण म्हणजे नक्की काय हो, वकीलसाहेब?" काशीनाथांनी टोपली खाली ठेवत विचारलं.

तरुण दचकला. त्याने स्कूटरकडे पाहिलं, मग काशीनाथांकडे, मग निशिगंधाकडे… आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ. "हे," तो म्हणाला, आणि उतरला.

बाबा घरापर्यंत हसत होते. "वकील असून लाजतो, निशे! धंदा कसा करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बागेत गेले, एका झाडाखाली टेकले, आणि उठलेच नाहीत.

निशिगंधा रडली नाही. कामं होती. त्यातलं एक, आईच्या नागरिकत्वाचं, बाबा वर्षानुवर्षं 'पावसाळा संपू दे' म्हणत ढकलत आले होते. आई, हंसाबेन, मोंबासाची. लग्न होऊन डहाणूला आली, बोंबील खायला शिकली, कोळणीशी भांडायला शिकली. पासपोर्ट मात्र केनियाचाच राहिला. दर वेळी व्हिसा वाढवून आणायचे ते बाबा. आता मोंबासाहून मामाचा रोज फोन, "बेन, परत ये." आणि आई हल्ली ठाम नाही म्हणत नव्हती. नागरिकत्व मिळालं नाही तर आईही जाणार, हे निशिगंधाला दिसत होतं.

डहाणूत वकिलांना तोटा नाही. पहिल्याने विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" दुसऱ्याने डोळे मिटून विचार केला. "दावा लावू. पण प्रतिवादी कोण, केनिया?" तिसरा हायवेवरच्या अपघातांशिवाय काही घेत नव्हता. त्याने तलासरीच्या एका ओंकारचं नाव दिलं. "हुशार आहे. आणि रिकामा आहे."

तिने तलासरीला जाऊन दार ढकललं… आणि दोघंही थबकली.

"आज मी माझ्याच खुर्चीत बसलोय," तो घाईने म्हणाला.

"नागरिकत्वाची केस केलीय कधी?"

"एकही नाही. म्हणजे हरलोही नाही."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

"बाबा कसे आहेत?" त्याने विचारलं.

"बाबा… घरी नाहीत." तिने फाइल पुढे सरकवली. वरच मृत्यूचा दाखला होता. त्याने तो वाचला. उठून फक्त टेबलावरच्या पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं.

अर्जदाराची वागणूक चांगली आहे, असं दोन भारतीय माणसांनी प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. त्यासाठी ओंकार एका रविवारी डहाणूला आला. बाजार करायचा म्हणून त्याची आत्याही बाइकवर मागे बसून आली. झालं! इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण, सोबत बाईमाणूस, आणि शेजारच्या ओट्यावर वागणुकीची चौकशी. शेजारच्या रखमाबाईंनी आणखी काय समजायचं?

निशिगंधा स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा गाळत ऐकत होती.

"वागणूक कशी आहे, आजी?"

"सोन्यासारखी. तोंड जरा तिखट, पण मनात काही ठेवायची नाही."

"किती वर्षांची ओळख?"

"जन्मली तेव्हा पहिली मीच उचलून घेतली."

ओंकारचं पेन थांबलं. "मोंबासात?"

"मोंबासा कशाला? इथं, मागच्या खोलीत! आणि पुस्तक हातात आलं की भात करपवते, हे आत्ताच सांगून ठेवते. मागाहून बोल नको."

आत्याबाई पुढे सरकल्या. "बाकीचं जमतं ना?"

ओंकारने तेव्हाच खुलासा करायला हवा होता. त्याने पेन खिशात ठेवलं. "आणखी काय, आजी?"

रखमाबाईंचा आवाज खाली आला. "बाप गेल्यापासून रडली नाही पोर. बाबा घरी नाहीत म्हणते… जसे बाजारात गेलेत. तेवढं सांभाळा."

चहा कपाबाहेर सांडला. निशिगंधा तशीच बाहेर आली. "आजी! हे आईच्या नागरिकत्वाचे वकील आहेत!"

"मग हंसाचं काय विचारायचं?" रखमाबाई जराही ओशाळल्या नाहीत. "तिला कोण ओळखत नाही? आण, कुठं सही करू?"

हंसाबेन ओट्यावर येऊन मुलाला नीट न्याहाळत म्हणाली, "आपल्याला काय वांधा नाय."

फाटकापाशी ओंकार रेंगाळला. "भात खरंच करपतो?"

"अर्जात लिहायचंय?"

"नाही. हे… माझ्यापुरतं."

अर्ज सरकत राहिला. दर त्रुटीला ओंकार जातीने डहाणूला यायचा. एकदा तर त्रुटी नसतानाच आला. "निघू शकते," म्हणाला, आणि दोन कप चहा पिऊन गेला.

दोन पावसाळ्यांनी हंसाबेनने पालघरच्या कचेरीत खणखणीत आवाजात शपथ वाचली. "बरोबर वाचलं ना? परत वाचू?" तिने साहेबांनाच विचारलं. मग अंगणात जाऊन मोंबासाला फोन लावला. "भाई, आता तूच ये इकडे. पण व्हिसा काढून!"

वऱ्हांड्यात दोघंच उरली. ओंकारने फाइल निशिगंधाच्या हातात दिली.

"झालं. आता काही त्रुटी निघायची नाही…" त्याचा चेहरा खटला हरल्यासारखा होता. "येतो मी. तलासरीची बस—"

तो पायऱ्या उतरायला लागला.

"ओंकार."

इतके दिवस ती 'वकीलसाहेब' म्हणत आली होती. तो वळला.

"बाबा गेले," ती म्हणाली.

आईसमोर नाही, रखमाबाईंसमोर नाही, आरशासमोरही नाही… हे दोन शब्द तिने कधीच उच्चारले नव्हते. डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. तो एकेक पायरी परत वर येत होता.

"मला त्यांची फार आठवण येते. रोज येते. आणि आता तुम्ही गेलात तर तुमचीही येईल… दोघांची एकदम मला झेपायची नाही."