हिरवा मखमली पट्टा

रस्त्याच्या कडेला ती उभी होती. हातात दोरी होती, दोरीला पट्टा होता, आणि पट्ट्यात कुत्रा नव्हता.

कुत्रा चार पावलांवर होता. क्षणापूर्वी मागून मोठा ट्रक धडधडत गेला, लांबू दचकला, मागे सरकला, मान खाली घातली... आणि पट्ट्यातून इतक्या सहज बाहेर आला की तिला काही क्षण कळलंच नाही. आता तो कान मागे टाकून, एक पाय उचलून, कुठल्या दिशेला धूम ठोकावी याचा विचार करत होता.

"धावू नका," कुणीतरी म्हणालं.

तिचं पाऊल उचललेलंच होतं.

"ग्रेहाउंड आहे तो. तुम्ही धावलात तर तो धावेल, आणि तो धावला तर तुमच्या काय, मोटारीच्याही हाती लागायचा नाही. खाली बसा. त्याच्याकडे बघू नका."

"इथे? रस्त्यात?"

"इथेच. छान मांडी घालून."

एरवी ती बसली नसती. पण जीव टांगणीला लागला की माणूस कुणाचंही ऐकतं. ती फुटपाथवर बसली, कामावर घालायच्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी, आणि जमिनीकडे बघत राहिली. पडद्यांच्या दुकानाच्या दारात बोलणारा उभा होता. गळ्यात मोजपट्टी, नाकाच्या टोकावर घसरलेला चष्मा. त्याने आत वळून हलकेच हाक मारली, "बाईसाहेब, जरा बाहेर येता का?"

बाईसाहेब आल्या. काळ्या-तपकिरी पट्ट्यांची ग्रेहाउंड कुत्री, आपल्याला कुणीही घाई करू शकत नाही अशा चालीची. लांबूने उचललेला पाय खाली ठेवला. दिशा ठरली. तो बाईसाहेबांना हुंगायला आला, तेवढ्यात पडदेवाल्याने गळ्यातली मोजपट्टी काढून त्याच्या मानेभोवती टाकली आणि दोन्ही टोकं मुठीत धरली.

"उठा आता," तो म्हणाला. "की आवडलं बसायला?"

ती हात टेकून उठली आणि कपडे झटकले.

घरी तिला सगळे धास्ती म्हणत. नाव आत्याने ठेवलं होतं आणि शोभतही होतं. गॅस बंद आहे ना हे ती तीनदा बघायची आणि चौथ्यांदा जिन्यावरून परत यायची. आत्या गुडघ्याचं ऑपरेशन करून मुलाकडे राहायला गेली होती, आणि जाताना लांबूला हिच्याकडे सोपवून गेली होती. "माझा जीव ठेवून चाललेय तुझ्याकडे," असं म्हणाली होती. हे असलं बोलणं धास्तीला ऐकवायचं नसतं, पण आत्या कुणाचं ऐकणारी नव्हे.

"हा पट्टा कुणी घातला?" दुकानात पाण्याचा ग्लास पुढे करत पडदेवाल्याने विचारलं.

"मी. आत्याचा जुना होता तो ओढला की आवळतो. मला भीती वाटली, गळा आवळेल."

"थोडाच आवळतो, मग थांबतो. यांची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा म्हणजे यांना टोपी. मान खाली घातली की पडली." तो बोलता बोलता लांबूची मान मोजत होता. "बाहेर आवळणाराच हवा. पण घरात पाऊल टाकलं की काढायचा. दाराच्या कडीत अडकतो, खुर्चीच्या पाठीत अडकतो, दुसऱ्या कुत्र्याच्या दातात अडकतो. आणि अडकलं की हे शांत उभे राहत नाहीत, ओढतात."

"आत्याही हेच सांगून गेलीय. पण दार उघडं राहिलं आणि हा बाहेर गेला तर? गळ्यात नाव नाही, नंबर नाही..."

"दार लावायचं."

"लावलेलं दार वाऱ्याने उघडलं तर?"

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "रोज एवढा विचार करता?"

"रोज याहून जास्त करते."

तो हसला नाही, म्हणून ती जरा हसली.

"घरासाठी एक पातळ पट्टी शिवून देतो," तो म्हणाला. "नाव-नंबर घातलेली. जराशी ओढ बसली की आपोआप सुटते. आणि बाहेरचा पट्टा... हिरवा चालेल? मखमल उरलीय, मोठ्या पडद्यातली."

हिरवा चालला. खरं तर तिला त्या दिवशी कुठलाही रंग चालला असता.

पट्टा सुरेख झाला. रुंद, ओढ बसली की जरासा आवळणारा, आतून मऊ अस्तराचा, मधे जाड कॅनव्हास, दुहेरी शिवणीचा. "हत्तीने ओढला तरी तुटायचा नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्या कामावर इतका खूश झाला की कान लाल झाले. फिरून आलं की ती पट्टा काढून खुंटीला अडकवी आणि पातळ पट्टी घाली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. त्या आठवड्यात पडदेवाला तिथे आला. चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता. तिने घट्ट करून दिला. दोन दिवसांनी पुन्हा सैल.

"हा स्क्रू आपोआप सैल होत नाही," ती बारीक पेचकस फिरवत म्हणाली.

"मग?"

"कुणीतरी करतं."

"काय एकेक माणसं असतात," तो म्हणाला.

तिने चष्मा त्याच्या कानांवर नीट बसवला. हे ती दिवसभर अनोळखी लोकांना करायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे. आज बोटं गरम झाली. "आता दिसतंय नीट?"

"आता फार नीट दिसतंय," तो म्हणाला, आणि तिने उगाचच काउंटर पुसायला घेतला.

मग संध्याकाळचं फिरणं एकत्र व्हायला लागलं. दोन लांबलचक कुत्री पुढे, ही दोघं मागे. त्याचा हात तिच्या हाताला कधी लागायचा, दोऱ्यांचा गुंता सोडवताना... आणि गुंते जरा जास्तच व्हायचे. दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. तिला त्याचीही धास्ती वाटायची. आत्या परत येईल, लांबू तिच्याबरोबर जाईल, मग फिरायला जायचं तरी कशाच्या निमित्ताने?

एका रविवारी तिने त्याला चहाला बोलावलं. घर झाडून झालं, कप दोनदा धुऊन झाले. लांबूला फिरवून आणलं, आणि सवयीने तिची बोटं पट्ट्याच्या चापाकडे गेली... आणि थांबली. बदामी अंगावर तो हिरवा रंग खरोखर खुलून दिसत होता. पडदेवाला कोणत्याही क्षणी येणार होता. चहा होईपर्यंत राहू दे, तिला वाटलं, बघू दे त्याला एकदा. गॅस तीनदा तपासणारी ही मुलगी. पण प्रेमात पडलेल्या माणसाला अक्कल गहाण टाकायला फार वेळ लागत नाही.

बेल वाजली. बाईसाहेब आधी आत आल्या, मागून तो. बाईसाहेबांचा पट्टा त्याने उंबऱ्यातच काढून खिशात घातला. मग त्याची नजर लांबूच्या गळ्याकडे गेली. चेहरा उजळला. तोंड उघडलं... आणि मिटलं.

"रंग शोभतो," तो म्हणाला.

"कुणाला?"

"त्यालाही."

ती चहा ओतायला वळली, कारण चेहरा कुठेतरी लपवायला हवा होता.

दोन्ही कुत्री बाहेरच्या खोलीत खेळू लागली होती. एकमेकांच्या मानेला लटकंच तोंड लावायचं, मागे उडी मारायची, पुन्हा भिडायचं. पडदेवाला कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होता, ती हसत होती. हसताहसताही तिची नजर सवयीने खोलीभर फिरत होती. बाईसाहेबांचा खालचा जबडा पट्ट्याखाली गेलेला तिला दिसला. पुढच्याच क्षणी लांबू गडबडा लोळला, बाईसाहेब त्याच्या अंगावरून पलीकडे फेकल्या गेल्या, आणि पट्ट्याला पीळ पडला.

बाईसाहेब किंचाळल्या. जबडा पट्ट्यात अडकला होता आणि त्या सगळ्या ताकदीने मागे ओढत होत्या. लांबूच्या तोंडून आवाजच येत नव्हता. तेच जास्त भयंकर होतं. त्याचे पाय फरशीवर घसरत होते आणि डोळे बाहेर आले होते.

पडदेवाल्याने झेप घेतली आणि बाईसाहेबांना कमरेला धरून मागे खेचलं. पट्टा आणखी आवळला.

"ओढू नका," ती म्हणाली. "जवळ आणा. दोघांना जवळ आणा."

तो ऐकत नव्हता. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पट्ट्याचा चाप दाबून पाहिला, पण ताणामुळे तो उघडेना. ती स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आली, एक पातं कसंबसं पट्ट्याखाली सरकवलं आणि दाबलं. मखमल कातरली गेली, कॅनव्हास जागचा हलला नाही. पुन्हा दाबलं. लांबूची जीभ निळी पडत चालली होती.

"नाही तुटायचा तो," पडदेवाला म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "मी... दुहेरी शिवलाय."

आयुष्यभर ज्या मुलीने न घडलेल्या संकटांची तालीम केली, तिला खरं संकट काही नवखं नव्हतं. तिने कात्री टाकली. "माझ्याकडे बघा," ती म्हणाली, "बाईसाहेब खिडकीच्या बाजूने याच्यावरून इकडे आल्या. त्यांना उचला आणि त्याच वाटेने परत न्या. मी याला धरते."

"पण..."

"उचला."

त्याने उचललं. ती अंगाने लांबूवर ओणवली, त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. बाईसाहेब तडफडत तिच्या पाठीवरून पलीकडे गेल्या, पीळ उलगडला, पट्टा सैल झाला. तिने बोट घालून जबडा सोडवला. चाप दाबला. पट्टा निघाला.

लांबू पडून राहिला. ती त्याच्या बरगड्यांकडे बघत होती. हलत नव्हत्या... हलत नव्हत्या... मग एक घरघरता श्वास आला, मागून दुसरा.

कोपऱ्यावरच्या पशुवैद्य बाईंनी दोन्ही कुत्र्यांचे घसे पाहिले, जबडा पाहिला, इंजेक्शन दिलं, आणि वाचला, नशीब समजा, असं म्हणून घरी पाठवलं. परतताना झिमझिम पाऊस होता. घरी आल्यावर तिने आधी आत्याला फोन लावला. लपवून ठेवणं तिला जमलं नसतं.

सांगता सांगता ती अर्ध्यावर आली असेल, तेवढ्यात त्याने हात पुढे केला. "मला द्या."

तिने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

"आत्या, मी पडदेवाला. पट्टा मीच शिवला होता."

"घरात तो त्याच्या गळ्यात होता, तेव्हा तू कुठे होतास?"

"समोरच बसलो होतो."

"दिसला नाही?"

"आल्या आल्या दिसला."

"मग तोंड शिवून घेतलं होतंस?"

तो टेबलाकडे बघत राहिला. "मला वाटलं, त्यांनी तो मला दाखवायला ठेवलाय. काढा म्हटलं असतं तर त्यांचा विरस झाला असता. आणि खरं सांगू का... मलाच फार बरं वाटत होतं."

आत्याने मोर्चा भाचीकडे वळवला.

"धास्ते, आणि तू?"

"दाखवायलाच ठेवला होता, आत्या."

"म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांसमोर लाजत बसलात, आणि माझा लांबू मेला असता."

आत्या खरं तेच बोलली होती.

"पाण्याचं भांडं उंचावर ठेव, मान वाकवायला नको त्याला," आत्या शेवटी म्हणाली. "आणि तू हातपाय गाळले नाहीस, हे कळलं मला. बाकीचं आल्यावर बोलू."

फोन बंद झाला. पडदेवाला उठला आणि बाईसाहेबांची दोरी शोधू लागला. ती समोरच होती, तरी त्याला सापडेना.

"मी निघतो," तो म्हणाला. "आणि पुन्हा... तुमची इच्छा नसेल, तर येणार नाही."

"बसा."

तो बसला.

"जे आत्याला सांगितलंत, ते मला कधी सांगणार होतात?"

"रोज ठरवत होतो," तो म्हणाला. मग 'तुम्ही' आपोआप गळून पडलं. "तू मला आवडतेस. मी हे वेळेवर बोललो असतो, तर तुला तो पट्टा मला दाखवायला लागला नसता."

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला इतके दिवस का लागले, तेच तिला कळेना. "पण ऐक. माझं चुकताना दिसलं तर बोलायचं. मी रुसेन, भांडेन, तरी बोलायचं. मला बरं वाटावं म्हणून गप्प बसलास, तर मला तुझीही धास्ती वाटेल. मला आधीच पुष्कळ गोष्टींची वाटते."

"बोलेन."

"नक्की?"

"आत्ताच बोलतो," तो हळूच म्हणाला. "मघापासून तुझे हात थरथरताहेत, आणि तू ते टेबलाखाली लपवते आहेस."

तिने खाली पाहिलं. खरंच थरथरत होते. लांबूचं डोकं धरताना ते स्थिर होते, दवाखान्यात स्थिर होते. आता आवरत नव्हते. तिने ते वर काढून टेबलावर ठेवले आणि त्याने ते आपल्या हातांत घेतले.

मग ती रडली. दिवसभराचं सगळं एकदम, नाक ओढत, हुंदके देत, अजिबात सुंदर न दिसता रडली. त्याने 'रडू नको' म्हटलं नाही, आणि तिचे हातही सोडले नाहीत.