६४४ च्या आधीचं शून्य

पोर अंगावर पिणारी असली की भल्याभल्या बायांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. हिला तर वर घरबसल्या नोकरी. तरी हौस म्हणून तिने C भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पाळण्याजवळचा माइक लेकीची बडबड टिपायचा आणि प्रोग्रॅम ती फाइलमध्ये साठवायचा.

आज ती अंघोळीला गेली असताना लेक पहिल्यांदा "आई" म्हणाली, असं नवऱ्याने ऑफिसला निघता निघता सांगितलं. कधी एकदा ऐकते असं तिला झालं होतं. दुपारी लेक झोपताच तिने फाइल उघडली. परवानगी नाही, असं उत्तर आलं.

तिने भावाला फोन लावला. तोही प्रोग्रॅमरच.

"फाइलच्या परवानगीच्या आकड्यात ६४४ च्या आधी शून्य लावलंस का?"

"अगं बाई! राहिलंच."

शून्य असतं तर C ने तो आकडा अष्टमानात, म्हणजे आठाच्या मोजणीत, धरला असता: फाइलच्या मालकाला, म्हणजे तिला, वाचायची-लिहायची मुभा, गटाला आणि इतरांना नुसती वाचायची. शून्याविना तो साधा सहाशे चव्वेचाळीस ठरला. अष्टमानात त्याचे होतात १२०४. त्यातला २ म्हणजे मालकाने फक्त लिहायचं. शेवटचा ४ म्हणजे वाचायचं फक्त इतरांनी.

"छान! आईला बंदी आणि जगाला मोकळं रान," दादा हसला. "पण तुझ्या मशीनवर इतर आहेच कोण?"

"कोणी नाही. मी एकटी."

बोलता बोलता तिची नजर फाइल शेवटची कधी वाचली गेली त्या वेळेवर गेली. वेळ आत्ताची होती. तिने पुन्हा पाहिलं. पुन्हा आत्ताची.

"दादा, कोणीतरी ऐकतंय."

"नेटची वायर काढ."

तिने काढली. वेळ पुढे सरकतच राहिली.

तिने परवानगी बदलायला ०६०० टाइप केलं, या वेळी शून्यासकट. मालकाशिवाय कोणालाच काही नाही.

"आता ऐक, कशी ऐकतेस ते," ती पुटपुटली. ऐकणारी बाईच आहे हे आपण कशावरून धरलं, ते तिला कळेना.

वेळ थांबली. तिने फाइल उघडली.

परवानगी नाही.

मालकाच्या रकान्यात आता तिचं नाव नव्हतं. रकाना कोरा होता.

"दादा?"

फोन बंद पडला होता.

आतल्या खोलीत लेक खुदकन हसली. ती धावली, लेकीला उचलून छातीशी धरलं. लेक "आई" म्हणत तिच्या खांद्यावरून मागे हात पसरत होती. तिने मिठी आणखी घट्ट केली.

हातांवरचा भार हळूहळू हलका होत गेला.