तिसऱ्या क्रमांकाचा सामना

बातुमीच्या समुद्रकाठच्या लांबलचक रस्त्यावर सकाळपासून पाऊस कोसळत होता. झाडून सगळी माणसं कॅफेंच्या छपराखाली दाटीवाटीने उभी होती. एकटी रान्वा तेवढी रमतगमत चालली होती. डोक्यावर काही नाही, केस गालाला चिकटलेले, हात खिशात.

मागून कुणाची तरी धावती पावलं आली... आणि तिच्या डोक्यावरचा पाऊस एकदम थांबला. तिने वर पाहिलं तर काळी छत्री. छत्रीच्या दांड्याला एक रुंद हात आणि त्या हातामागे धापा टाकणारा, स्वतः निम्मा भिजलेला एक तरुण.

"अहो, भिजताय तुम्ही!"

"कशाने?" रान्वाने विचारलं.

"कशाने म्हणजे? पावसाने!"

"हा?" तिने तळहात बाहेर काढून चार थेंब झेलले. "आमच्या बेटांवर असा दिवस उजाडला की बायका कपडे वाळत घालतात."

तो इतक्या मोकळेपणाने हसला की छत्री कलंडली आणि तिच्यावरचं साचलेलं पाणी त्याच्याच मानेवर ओतलं गेलं. आता हसायची पाळी रान्वाची होती.

"फेरो बेटांवरून आलात ना?"

"कसं ओळखलं?"

"पावसाशी एवढी सलगी दुसरं कोण दाखवणार? माझं नाव तोर्निके. आणि आता कृपा करून आत चला. तुम्हाला नसेल, पण मला थंडी वाजतेय."

खरं तर रान्वाला कुणाशीच बोलायचं नव्हतं. फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीसाठी तिचा संघ इथे आला होता आणि आदल्या दिवशी पहिलाच सामना हरला होता. ती गोलरक्षक. हरल्यावर बाकीच्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडतात, गोलरक्षक मात्र जाळ्यातला चेंडू काढत बसते. पण या माणसाच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की... जाऊ दे, भूकही लागली होती.

समोर गरम खाचापुरी आली. होडीच्या आकाराची जाड रोटी, मधे वितळलेलं चीज आणि त्यावर थरथरणारा अंड्याचा बलक. रान्वाने काटा उचलला तसा तो कळवळून ओरडला.

"काटा नको! पाप लागेल. हाताने कड तोडायची, मधे बुडवायची..."

"तोंड भाजेल माझं."

"भाजू दे की. बातुमीला आल्याची खूण राहील."

तोंड भाजलंच. आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. वेस्टमन्ना गावातली तिची बालवाडी, तिथली दंगेखोर पोरं, समुद्राच्या इतकं काठावरचं मैदान की जोरात मारलेला चेंडू आणायला होडी काढावी लागते...

"काल हरलात म्हणे," तो हळूच म्हणाला.

"हरलो. पण यंदा हरून संपलं नाही, हीच तर गंमत आहे. आत्तापर्यंत कसं होतं, चार संघ एका गावात जमवायचे, पहिला सामना हरलं की खेळ खलास. मग तिसऱ्या क्रमांकासाठी एक सामना खेळवायचे, त्याला ना अर्थ ना काही. पोरी मनाने विमानतळावर पोचलेल्या असायच्या. मीसुद्धा."

"आणि यंदा?"

"यंदा नियम बदलला. जो तिसरा येईल त्याला नव्या दुसऱ्या कपात जागा. आणि तिथे दोन सामने असतात. एक त्यांच्या गावात, एक आपल्या!" तिचे डोळे चमकले. "लहान संघांच्या गावात कुणी हे चार संघांचे मेळावे भरवत नाही हो. मी इतकी वर्षं युरोपात खेळते, पण माझ्या आईने त्यातला एकही सामना पाहिलेला नाही. ती विमानात पाऊल ठेवत नाही. शनिवारी जिंकलो, तर युरोपच आमच्या दारात येईल."

तोर्निके बोटाने तिच्या खांद्याकडे दाखवत म्हणाला, "मिठाची बाटली तुझ्या डावीकडे होती. ती घ्यायला तू उजवा हात एवढा वळवलास. खांदा दुखतो?"

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"वसंतात पडले होते," ती म्हणाली. "बरा झालाय... बराचसा. पण पेनल्टी आली की डावीकडे झेप घ्यायचं धाडसच होत नाही. आता मी उजवीकडेच जाते. अजून कुणाला कळलेलं नाही, आमच्या कोचलाही नाही. हसू नकोस! परक्या माणसाला सांगितलेलं समुद्रात टाकल्यासारखं असतं."

तो हसला नाही. उलट त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याचंच तोंड भाजलं होतं.

"रान्वा, मला एक सांगायचं होतं..."

"उद्या सांग," ती उठत म्हणाली. "सरावाच्या बैठकीला उशीर होतोय. उद्या इथेच, याच वेळी. आणि छत्री आण... तुझ्यासाठी!"

पण दुसऱ्या दिवशी त्या कॅफेपर्यंत जायची वेळच आली नाही.

शुक्रवारी सकाळी रान्वाचा संघ सरावाला मैदानावर पोचला, तेव्हा यजमान संघाचा सराव नुकताच संपत होता. तेही आपला सामना हरले होते. शनिवारी त्यांच्याशीच गाठ होती. गोलच्या खांबाशी त्यांच्या गोलरक्षकांना चेंडू फेकणारा एक माणूस उभा होता. गळ्यात शिटी, पाठीवर संघाचं चिन्ह. तो वळला.

तोर्निके.

रान्वा ताडताड चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गोलरक्षकांचे कोच?"

"सांगणार होतो मी."

"कधी? रविवारी? माझं विमान उडाल्यावर?"

"काल तुला ओळखूनच धावत आलो होतो. तुझा सामना पाहिला होता... तू एवढी हरलेली चालत होतीस. मग तू बोलायला लागलीस आणि मला वाटलं, आता सांगितलं तर ही उठून जाईल."

"गेलेच असते!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

हे ऐकून तिला रडू यायला हवं होतं की हसू, तिला समजेना. ती दातओठ खाऊन म्हणाली, "छान काम केलंस. एका खाचापुरीत माझा खांदा विकत घेतलास."

तोर्निकेचा चेहरा उतरला. पण नजर त्याने चुकवली नाही.

"व्हिडिओत जे दिसलं ते सगळं मी माझ्या पोरींना सांगितलंय. कॉर्नरला तू उशिरा पुढे येतेस, हेही. ते माझं काम आहे. पण टेबलावर जे ऐकलं ते माझं नाही. ते कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही."

"आणि मी विश्वास ठेवायचा?"

"नको ठेवूस," तो हळू आवाजात म्हणाला. "पण खरं तेच आहे."

शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. बिनमहत्त्वाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या सामन्याला अर्धं बातुमी लोटलं होतं. पहिल्या अर्ध्या तासातच फेरोच्या मुलींनी कॉर्नरवरून एक गोल केला आणि मग उरलेला वेळ जिवाच्या आकांताने तो सांभाळला. रान्वा आज कॉर्नरला उशिरा पुढे येत नव्हती. अजिबात नाही!

सामना संपत आला होता, तेवढ्यात शिटी वाजली. रान्वाच्या संघातल्या मुलीच्या हाताला चेंडू लागला होता. पेनल्टी.

चेंडू ठेवायला आली ती यजमानांची कर्णधार, एतेरी. काळी वेणी, शांत डोळे आणि तोर्निकेसारखीच हनुवटी. ही त्याची धाकटी बहीण, हे रान्वाला कालच कुणीतरी सांगितलं होतं.

एतेरीच्या पेनल्टी रान्वाने व्हिडिओवर पाहिल्या होत्या. ती नेहमी गोलरक्षकाच्या उजवीकडे मारते. पण भावाने तिला खांद्याचं सांगितलं असेल, तर ती आज डावीकडे मारणार, दुखऱ्या बाजूला. म्हणजे तो खोटारडा असेल तर डावीकडे झेपावायचं. खरा असेल तर... उजवीकडे.

तिने क्षणभर यजमानांच्या बाकाकडे पाहिलं. सगळे उभे राहून मैदानाकडे बघत होते. एकटा तोर्निके पाठ करून उभा होता. अपराध्यासारखा की प्रामाणिक माणसासारखा, ते पाठीवरून कळायला मार्ग नव्हता. आणि तिच्या एका झेपेवर आईचा सामना अवलंबून होता, संघातल्या सगळ्याजणींचा सामना अवलंबून होता.

एतेरी धावली.

रान्वाने विचार केला नाही. विचार कालच करून झाला होता बहुधा... तिने उजवीकडे स्वतःला झोकून दिलं.

चेंडू तिच्या पंजावर आदळला, खांबाला घासला आणि बाहेर गेला.

नंतर काय झालं ते तिला नीट आठवतच नाही. अंगावर सगळ्या पोरींचा ढीग पडला होता, कुणीतरी तिच्या कानात रडत होतं, आणि ती मात्र ढिगाखालून मान काढून यजमानांच्या बाकाकडे बघत होती. तो आता वळला होता. दोन्ही हात डोक्यावर. हरलेला होता... आणि तरीही हसत होता.

कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा दाराशी एतेरी उभी होती. डोळे सुजलेले.

"काल मी माझ्या भावाला विचारलं," ती सरळ मुद्द्यावर आली, "ती फेरोची गोलरक्षक पेनल्टीला कुठे जाते? म्हणाला, मला माहीत नाही. आता, खोटं बोलताना आमचा तोर्निके कान खाजवतो. काल त्याचा कान लालभडक झाला होता."

रान्वा तिच्याजवळ गेली. "मला माफ कर..."

"माफी कसली मागतेस? पेनल्टी मी घालवली. तू अडवलीस. त्यात ना तुझा दोष, ना त्याचा." एतेरीने नाक ओढलं आणि मग ओठाच्या कोपऱ्यातून हसली. "पण एक सांगते. आमचा कप तर गेला, आता निदान वहिनी तरी मिळू दे. तो तिकडे बसमागे उभा आहे. काल सकाळपासून जेवला नाहीये."

बसमागे तो खरंच उभा होता.

"उजवीकडे गेलीस," तो म्हणाला.

"उजवीकडे गेले," ती म्हणाली.

एवढंच. बाकीचं त्यांच्या नजरांनी आटोपून घेतलं. बसमधून बारा-पंधरा चेहरे काचेला नाक लावून बघत होते, त्यामुळे त्याने फक्त तिची बॅग उचलून दिली. बॅग देताना बोटं जरा जास्त वेळ बोटांत राहिली... मग चालकाने भोंगा वाजवला.

त्या नव्या कपात रान्वाच्या संघाच्या वाट्याला एक बलाढ्य स्वीडिश संघ आला. पहिला सामना फेरोला, राजधानीत, तोर्शहाव्नच्या मैदानावर. वेस्टमन्नाहून सगळं गावच गाड्या काढून निघालं. बालवाडीतल्या पोरांनी रान्वाचं नाव गालावर रंगवून घेतलं होतं, कुणाचं बरोबर, कुणाचं उलटं.

तोर्निके रोज फोन करत होता. पण सामन्याच्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. रान्वाने स्वतःला बजावलं, आज फक्त चेंडूकडे बघायचं.

आणि तिने तसंच बघितलं. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. स्वीडिश पोरींनी गोलवर नुसता मारा केला, पण एकदाच काय तो चेंडू आत गेला. शेवटची शिटी वाजली तेव्हा तोर्शहाव्नची माणसं अशी ओरडत होती, जणू कपच जिंकलाय.

रान्वा कठड्याशी धावली. पहिल्या रांगेत आई उभी होती, डोक्याला रुमाल, गाल लाल, आवाज पार बसलेला. आणि आईच्या शेजारी, मांडीवर मेंढीच्या सुकवलेल्या मटणाचा डबा घेऊन, केविलवाण्या चेहऱ्याने एक घास गिळणारा...

"तोर्निके?!"

"धुक्यामुळे विमान दोनदा माघारी फिरलं, तिसऱ्या खेपेला उतरलं. मी इथे पोचलो तेव्हा सामना सुरू व्हायला पाच मिनिटं होती," तो म्हणाला. "या बाईंच्या शेजारी एकच जागा रिकामी होती."

"तू ओळखतेस याला?" आईने घोगऱ्या आवाजात विचारलं. "अगं, चांगला मुलगा आहे. चेंडू तुझ्याकडे आला की माझा हात असा काही दाबायचा! बोटं मोडायची वेळ आली. मी म्हटलं, बाबा रे, आई तू की मी?"

रान्वा खळखळून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. आईने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावत, 'पोरं कुठे गेली बघते' असं काहीतरी पुटपुटत शहाण्यासारखी निघून गेली.

कठड्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो.

"तुम्हाला हरवून मी तुमचा सगळा हंगाम संपवला," ती म्हणाली. "राग नाही आला?"

"आला ना. रोज येतो. मग तुला फोन करतो."

"आणि?"

"आणि... जातो." त्याने कठड्यावरचे तिचे चिखलाने माखलेले हातमोजे आपल्या दोन्ही हातांत धरले. "रान्वा, तुझ्या आईने उद्या जेवायला बोलावलंय. मी कोण, हे माहीत नसताना. तिला हो म्हणून बसलोय. आता उद्या ती विचारेल, तू कोण माझ्या मुलीचा? काय सांगू?"

"खोटं सांगू नकोस. कान लाल होतो म्हणे तुझा."

"म्हणून तर विचारतोय. खरं काय ते आधी तू सांग."

मागून कोच हाका मारत होती, पोरं कठड्यावर चढत होती. रान्वाने एक हातमोजा काढला, उघड्या ओल्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि अख्ख्या तोर्शहाव्नच्या देखत त्याचं चुंबन घेतलं.

"हे सांग," ती म्हणाली.