जुन्या बराकीतल्या सिस्टर

शाळेतून निवृत्त झाल्यावर रुग्णालयाच्या इतिहासाची स्मरणिका लिहिण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा त्यात भीतीला वाव असेल असे मला वाटले नव्हते. फाळणीनंतर उल्हासनगरच्या लष्करी छावणीत निर्वासित उतरले; तेथल्याच एका बराकीत खाटा मांडून हे सरकारी रुग्णालय सुरू झाले. पुढे इमारती वाढल्या. अंबरनाथचे कामगार, बदलापूरकडच्या पाड्यांवरची माणसे येऊ लागली. ती पहिली बराक मात्र पुरुषांचा वॉर्ड म्हणून अजून उभी आहे. ती डोळ्यांखालून घालावी, एवढ्याच हेतूने मी दिवेलागणीच्या सुमारास तेथे गेलो.

दाराजवळच्या खाटेवर बारवी धरणाकडचा धाकलू नावाचा म्हातारा मांडीवर बोचके घेऊन बसला होता. डॉक्टरांनी सकाळीच त्याला घरी जाण्यास सांगितले होते. रात्री नातीची हळद होती, दाराशी रिक्षा उभी होती. तरी तो हलेना.

"बायनं चादर नाय ताणली आजून," तो म्हणाला. "तसा गेलेला मानूस परत इथंच येतो. न् मंग आडवाच जातो."

मी आया तुळशीबाईंकडे पाहिले.

"सिस्टर ईश्वरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "छावणीतल्या पहिल्या नर्स. वारल्या त्याला लई वर्षं झाली, पण राउंड चुकवत नाहीत. त्यांनी चादर ताणली की माणूस खरा बरा झाला. डॉक्टरचं काय, त्यांना बेड रिकामा हवा असतो."

मी विवेकाचा मार्ग धरला. धाकलू पाणी प्यायला उठताच चादर ताणून कोपरे खोचून टाकले. परत येऊन बसताना त्याने वाकून चादर हुंगली.

"मास्तर, बायच्या हाताला फिनेलचा वास येतो. ह्याला भजीचा येतोय."

बाहेर रिक्षावाल्याने पुन्हा भोंगा वाजवला. निरुपायाने मी भिंतीकडे तोंड करून हात जोडले. "आदरणीय परिचारिका महोदया, प्रस्तुत रुग्णास प्रस्थानाची अनुज्ञा..."

"मास्तर," तुळशीबाई कुजबुजल्या, "त्या सिंधी होत्या. हे मलाच कळत नाही, त्यांना काय कळणार? हिंदीत बोला."

भाषांची सरमिसळ मी आयुष्यभर टाळत आलो. तरी म्हणालो, "सिस्टर... इनके नात का हळद है... जाने दो ना." आणि विनंती रूक्ष वाटू नये म्हणून सवयीने जोडले, "आप भी जरूर आना."

फिनेलचा उग्र दर्प पसरला. वॉर्डाच्या दूरच्या टोकाकडून रबरी तळांच्या बुटांची चर्र... चर्र... जवळ येत गेली आणि धाकलूच्या खाटेशी थांबली. चादरीचा कोपरा उचलला गेला, दुमडला गेला, गादीखाली खोचला गेला. मी दोन पावले मागे सरलो. धाकलू मात्र लग्नघरच्या माणसाच्या लगबगीने उठला.

तो दाराबाहेर पडला. ती चर्र... चर्रही त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून गेली.

"बाई कधी वॉर्डाबाहेर गेल्या नव्हत्या," तुळशीबाईंचा चेहरा उतरला. "तुम्हाला आमंत्रण द्यायला कोणी सांगितलं होतं? आता ह्या बाकीच्यांना घरी कोण पाठवणार?"

सारे रुग्ण उठून बसले होते आणि माझ्याकडे रोखून पाहत होते.

मी बाहेर धावलो. धाकलू रिक्षात एका कडेला अंग चोरून बसला होता.

"जरा थांब," तो रिक्षावाल्याला म्हणाला. "बायला नीट बसू दे."

रिक्षावाला हसला. मग रिक्षाची दुसरी बाजू हळूहळू दबली, आणि त्याचे हसणे थांबले.