सहा फळ्यांचा जपानी पडदा

दार उघडलं, आणि सुतार कामाचं विचारायचं सोडून रंभाकडेच पाहत राहिला.

"पडदा कुठंय?" शेवटी त्यानं विचारलं.

"माझ्या तोंडावर तर न्हाई," रंभा हसू दाबत म्हणाली.

साल छप्पन. पिंपरीत औषधांची कंपनी नवीनच होती. तिथल्या साहेबांनी जपानहून सहा फळ्यांचा घडीचा पडदा आणला, तो वाटेत सांध्यावर उसवला. म्हणून कंपनीतला साताऱ्याकडचा सुतार ज्योतीराम बंगल्यावर आला, आणि घरकाम करणारी रंभा त्याच्या हाताखाली मदतीला बसली. बिजागऱ्या घेऊन आलेला गडी चक्रावलाच. पडद्याला बिजागरीच नव्हती, नुसता कागदावर कागद चिकटवलेला! मग खळ शिजवणं आलं, ती वाळेपर्यंत गप्पा आल्या... चार दिवसांचं काम बारा दिवस चाललं.

पडद्यावर जुन्या राजदरबारातली प्रेमकथा रंगवलेली होती. दोघांनी ती डावीकडून वाचली, शाळेत पाटी वाचतात तशी. आधी एकटी बसलेली बाई, मग दूर जाणारी बैलगाडी, मग चिठ्ठी, आणि अगदी शेवटी — फुललेल्या झाडाखाली दोघं.

"बघा, आधी ताटातूट, मग भेट," ज्योतीराम म्हणाला. "आपलंबी तसंच. दिवाळीला गावी जातो, आबास्नी लग्नाचं सांगतो, संक्रांतीच्या आत माघारी येतो."

"आन् न्हाई आलात तर?"

"पडद्यावर काढलंय की... येनार म्हणून."

तो गेला. तळवड्याचं चांगलं स्थळ चालून आलं, रंभानं साफ नाही म्हटलं. बापानं घर डोक्यावर घेतलं, तरी ती हटली नाही. संक्रांत गेली, होळी गेली. कंपनीतले सोपानराव म्हणाले, ज्योतीरामचं लग्न झालं, तो आता तिकडंच राहणार. रंभानं विश्वास ठेवला नाही. पडद्यावर तसं नव्हतंच.

चैत्रात साहेबांकडे पाहुणे आले. बाईसाहेब कौतुकानं पडदा दाखवत होत्या.

"जपानी लोक उजवीकडून वाचतात हं. भेट इथं, झाडाखाली. मग चिठ्ठी, मग तो निघून जातो... आणि शेवटी ही. एकटी."

"मग तो परत येतो का हो?" एका पाहुणीनं विचारलं.

"गोष्ट इथंच संपते."

रंभानं चहा दिला, कपबशा विसळल्या. पाहुणे गेल्यावर ती त्या एकट्या बाईसमोर खाली बसली आणि ढसाढसा रडली.

"बाई गं," ती म्हणाली, "मला वाटलं, तू वाट बघतीयास..."