चॅम्पियनची चूक

"माझ्या नवऱ्यानं त्या माणसाचा पाय घेतलेला नाही," असं म्हणतच ती आत आली आणि बसा म्हणायच्या आधी बसली.

जमादारांनी चहाचा कप नाइलाजानं बाजूला सारला. पोलिसातून निवृत्त झाल्यावर ते खासगी तपास करणाऱ्या बाईंच्या हाताखाली लागले होते. बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि जमादारांना अजूनही शेवटच्या बाकावरच्या मुलासारखं वागवायच्या.

प्रकरण गावभर झालं होतं. चार दिवसांपूर्वी रेसच्या सरावात चॅम्पियनची गाडी वळणावर भिंतीला आपटली. निखळलेलं चाक ट्रॅकच्या कडेला इशाऱ्याचा झेंडा घेऊन उभ्या असलेल्या झेंडेवाल्याच्या पायावर गेलं आणि त्याचा पाय कापावा लागला. 'चूक माझी' म्हणून चॅम्पियननं स्वतःच सांगून टाकलं. उद्या चौकशी होती आणि लायसन्स कायमचं जाणार हे उघड होतं.

"त्या वळणावर ह्यांनी उभा जन्म काढलाय," बायको म्हणाली. "गाडीत कुणीतरी काहीतरी केलंय, बाई. आणि हे तोंडातून चकार शब्द काढत नाहीत."

गॅरेजमध्ये हेडमेकॅनिकनं चेपलेली गाडी दाखवली. पुढचं नाक पार आत गेलं होतं.

"गाडी ठणठणीत होती. चाक आपटल्यावर निघालं, आधी नाही," तो म्हणाला. "सीटच्या पट्ट्यांनी आवळून धरलं म्हणून माणूस वाचला. सगळे झेंडेवाल्याकडे धावले, मी ड्रायव्हरला स्कूटरवर घालून टीमच्या ट्रकमध्ये आणला."

"निघताना चॅम्पियन काही बोलला होता?" बाईंनी विचारलं.

"रेसआधी तो कुणाशी बोलतच नाही. हेल्मेट ट्रकमधूनच घालून येतो आणि काढतोही ट्रकमध्येच. दोन वर्षांपासूनची लहर आहे. त्याआधी तोंडाला कुलूप नसायचं."

बोलताना तो हातातला पाना पुसत होता. पाना स्वच्छच होता.

"ह्याच्या पोटात काहीतरी आहे," बाहेर येताच जमादार कुजबुजले.

"शेवटचा बाक पहिल्यांदाच बरोबर बोलला," बाई म्हणाल्या. जमादारांना खूश व्हावं की नाही ते कळेना.

घरी चॅम्पियन बनियनवर होता आणि गॅसचा भरलेला सिलिंडर उघड्या खांद्यावरून स्वयंपाकघरात नेत होता. त्या घोटीव खांद्यांवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. जमादारांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

बाईंनी उजवीकडून आपलं कार्ड पुढे केलं. त्याचा हात कार्डाच्या बाजूनं गेला. दुसऱ्या खेपेला त्यानं ते धरलं.

"चूक माझी. विषय संपला," तो म्हणाला.

तेवढ्यात धाकटा भाऊ आला. त्याच टीमचा राखीव ड्रायव्हर, अंगापिंडानं हुबेहूब थोरल्यासारखा. वहिनीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावजी, तुम्ही तरी ह्यांना समजवा!"

चटका बसावा तसा तो मागे सरला. "दादा म्हणतोय ना चुकलं? मग चुकलं."

जमादारांनी मनातल्या मनात निकाल लावला. जळका भाऊ! वर्षानुवर्षं राखीव बसून कंटाळला आणि थोरल्याचा काटा काढायला निघाला.

"मेकॅनिकला फोन करून बोलवा," बाई म्हणाल्या. तो आल्यावरच त्या बोलायला लागल्या.

"गाडी भिंतीला आपटली की थांबते. आतला माणूस थांबत नाही. त्याला पट्टे थांबवतात, दोन्ही खांद्यांवर. मग तिथे कित्येक दिवस कुणाला हात लावू देववत नाही. मघाशी ह्यांनी त्याच खांद्यावर सिलिंडर आणला."

धाकट्यानं शर्टाची वरची बटणं काढली. मानेपासून छातीपर्यंत काळेनिळे पट्टे उमटले होते.

"उजवा डोळा कधी गेला?" बाईंनी चॅम्पियनला विचारलं. "कार्ड कुठे आहे ते तुम्हाला कळत नव्हतं."

"दोन वर्षं झाली."

"म्हणजे हेल्मेट ट्रकमध्ये घालायची लहर लागली तेव्हाच."

मेकॅनिक खाली बघत म्हणाला, "ट्रकचा पडदा मीच लावायचो. हेल्मेट घालून हा धाकटा उतरायचा."

"जिंकलो तेव्हा टाळ्या दादाला," धाकटा म्हणाला. "कप दादाला. मग आपटली तेव्हाच माझं नाव कशाला?"

"तुला गाडी दिली कुणी?" चॅम्पियन उसळला. "कुणी विचारत होतं का तुला?"

"गाडी दिलीस. मला मात्र कुणी ओळखत नाही."

चॅम्पियननं बाईंपुढे हात जोडले. "उद्या गप्प राहा. चुकलेला ड्रायव्हर म्हणून मी घरी बसेन. हे कळलं तर मी ड्रायव्हरच उरत नाही."

जमादारांना त्याची कीव आली आणि त्या कीवेचाच रागही आला. तिकडे एक माणूस पाय गमावून पडला होता.

"मला कामाला ह्यांनी लावलंय," बाई बायकोकडे वळल्या. "ह्या ठरवतील."

बायकोनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती बाईंकडे वळली.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "आपला पाय कुणी घेतला ते त्या माणसाला कळू दे."

"अगं, ऐक तरी..."

"प्रत्येक रेसला मी कठडा धरून, देवाचं नाव घेत उभी असायची."

"मी तिथेच होतो गं," चॅम्पियन म्हणाला. "ट्रकमध्ये. हाकेच्या अंतरावर."

"तेच तर म्हणते. मला वाटायचं, तुम्ही मरणाच्या दारात आहात. आणि तुम्ही मला तसं वाटू दिलंत."